शर्यत घरी पुन्हा बघताना

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून इथे डॉक्टर बोलले, बँकेतले साहेब बोलले, परदेशातून आलेली आपली मैत्रीण बोलली. आता मी. मी कर्जतचा व्हिडिओवाला. समोर बसलेल्यांपैकी निदान वीस जणांची लग्नं मी काढली आहेत. कोणाच्या हळदीला कोण रुसलं होतं याचा पुरावा माझ्या कपाटात आहे, तेव्हा माझं भाषण लांबलं तरी कोणी घड्याळ दाखवू नये.

संयोजकांनी सांगितलं, लग्नांबद्दल नको, तुझ्या त्या शर्यतीच्या कॅसेटींबद्दल बोल. माझ्या घरी बैलगाडीच्या शर्यतींच्या ६३ कॅसेटी आहेत. पहिली १९९१ ची. आपल्याकडे भात कापून झालं, खळी उरकली की शेतं आणि माळ मोकळे होतात. दिवाळीनंतर ते पहिल्या पावसापर्यंत लग्नंही तेव्हाच आणि शर्यतीही तेव्हाच. सकाळी लग्न, दुपारी शर्यत, असा माझा हंगाम असायचा. खांद्यावर घ्यायचा पॅनासोनिकचा एम ३००० कॅमेरा होता. तो उतरवला की उजवा खांदा तासभर वर होत नसे. तेव्हा आपल्या भागात कॅमेरा म्हणजे फोटोवाला नाहीतर लग्नवाला. चौकजवळ एन. डी. स्टुडिओ आला तो २००५ साली. त्यानंतर कर्जत-खालापूरच्या लोकांना शूटिंग, लाइट, सेट हे शब्द रोजचे झाले. १९९१ ला मी माळावर कॅमेरा काढला की निम्मी गर्दी शर्यत सोडून माझ्याकडे बघायची.

पुण्या-मुंबईत आणि परदेशात स्थायिक झालेल्यांसाठी थोडं सांगतो. शर्यत म्हटली की सगळीकडे एकच प्रकार नसतो. घाटावर, जुन्नर-खेड-आंबेगावकडे, बारी असते. बैलांच्या पुढे घोडी पळते आणि घड्याळावर सेकंद मोजतात. साताऱ्या-सांगलीकडे गट, सेमीफायनल, फायनल असं चालतं. तिकडेच एका जुवाला एक घोडा आणि एक बैल अशीही शर्यत लागते. अलिबाग-मुरूडला समुद्रकिनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत गाड्या पळतात. आपल्याकडे आत, पनवेल-कर्जत-बदलापूर या पट्ट्यात, बिनजोड. दोन मालक एकमेकांशी जोड ठरवतात, दोन छकडे शेजारी उभे राहतात, झेंडा पडतो आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं संपतं. वर्षभर पेंड, अंडी, दूध घातलेल्या बैलाची वर्षाची कमाई तेवढ्या वेळात ठरते. आणि ती धड कोणालाच दिसत नाही. सुरुवातीला उभे असलेल्यांना शेवट दिसत नाही, शेवटी उभे असलेल्यांना सुरुवात. मधल्यांना फक्त धूळ दिसते.

म्हणून लोक संध्याकाळी माझ्या घरी यायचे. आमच्या पडवीत टीव्ही आणला जायचा. लाइट गेले तर सगळे तसेच बसून राहायचे, बिड्या ओढत, पण उठून कोणी जात नसे. एकदा पूर्ण कॅसेट बघायची, मग ज्याला जी जोड पाहिजे ती मागे नेऊन बघायची, हा आमच्या बाबांनी घातलेला नियम. नाहीतर ज्याचा बैल जिंकला तो तीच जोड दहा वेळा लावायला लावायचा आणि हरलेला म्हणायचा पुढे चल, पुढे चल. रिमोटवर इतकी भांडणं मी सासू-सुनांचीही बघितली नाहीत.

एक किस्सा सांगतो. १९९३ ची गोष्ट. पेज नदीच्या अंगाला एका माळावर जोड लागली आणि दोन्ही छकडे जवळजवळ बरोबर आले. पंचांनी एकाला दिलं. पैज लागली होती, किती ते सरांसमोर सांगत नाही. रात्री दोन्ही बाजूचे पंधरा-वीस जण आमच्या अंगणात. म्हणाले, कॅसेट लाव, आता दूध का दूध होऊ दे.

मी कॅसेट लावली. डावा छकडा चांगला हातभर पुढे दिसत होता. डाव्या बाजूचे लोक उठून नाचायला लागले. मी म्हटलं, बसा. मी कुठे उभा होतो ते आधी ऐका. मी शेवटच्या रेषेवर उभा नव्हतो, रेषेच्या वीस पावलं अलीकडे होतो, डाव्या कडेला. तिरकं बघितलं की जवळची वस्तू आणि लांबची वस्तू यांतलं पुढे-मागे बदलतं. रेल्वेच्या खिडकीतून जवळचा खांब आणि लांबचा प्रबळगड बघा. कोण कोणाच्या पुढे आहे हे तुम्ही कुठे बसलात त्यावर ठरतं. या कॅसेटवरून निकाल देता येणार नाही.

तरी एकजण म्हणाला, थांबवून बघ, एकेक चित्र बघ. तेही केलं. आता गणिताचे सर समोर बसले आहेत म्हणून हिशेब करून दाखवतो. आपल्याकडच्या व्हिडिओत एका सेकंदाला २५ चित्रं असतात. म्हणजे दोन चित्रांमध्ये ०.०४ सेकंद. बैल समजा सेकंदाला १० मीटर पळतोय, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत छकडा ४० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. ज्या ४० सेंटिमीटरवर तुमचं भांडण आहे ते नेमकं दोन चित्रांच्या मधे पडलंय. तिथे कॅमेऱ्याने काही टिपलेलंच नाही. सर, वेग बरोबर अंतर भागिले वेळ, हे तुम्ही फळ्यावर शिकवलंत तेव्हा मी मागच्या बाकावर काय करत होतो ते तुम्हाला आठवत असेल. ते सूत्र मला कामाला आलं ते असं, रात्री अकरा वाजता, अंगणात, वीस तापलेल्या माणसांसमोर.

शेवटी आमच्या बाबांनी दोघांची पैज परत करायला लावली आणि सगळ्यांना चहा दिला. चहाला साखर कमी पडली, ती शेजारून आणली.

त्यानंतर मी वाचायला लागलो की घोड्यांच्या रेसला हे कसं करतात. मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ चं. तिथे १९४३ पासून इंडियन डर्बी होते, २४०० मीटरची. लाखो रुपये नाकाच्या टोकावर ठरतात, तेव्हा ते माझ्यासारख्या लग्नवाल्यावर सोडून चालत नाही. जुन्या फोटो-फिनिशच्या कॅमेऱ्याची गंमत अशी की त्याला झडप नसते, उभी चिंचोळी फट असते. ती फट बरोबर शेवटच्या रेषेवर रोखलेली असते आणि मागे फिल्म सरकत राहते. त्यामुळे त्या कॅमेऱ्याला रेषेशिवाय दुसरं काहीच दिसत नाही. आपण जो फोटो बघतो तो एका क्षणाचा नसतोच. डावीकडून उजवीकडे काळ पसरलेला असतो. ज्या घोड्याचं नाक रेषेवर आधी आलं ते फोटोत आधी उमटतं, मागचं नंतर. म्हणून त्या फोटोंत कधीकधी घोड्यांचे पाय विचित्र ताणलेले किंवा आखडलेले दिसतात. आणि शेवटच्या टप्प्यात एक कॅमेरा समोरूनही लावतात. घोड्याने दुसऱ्याच्या वाटेत अंग घातलं का, हे कडेने बघून कधीच कळत नाही, समोरूनच कळतं. हे वाचल्यावर पुढच्या हंगामापासून मी रेषेवर घोडी लावायला लागलो. तीन पायांची, कॅमेऱ्याची घोडी. लोकांना वाटलं मीही शर्यतीत उतरलो.

घोड्यांचा विषय निघालाय तर नेरळच्या काकांबद्दल सांगायला हवं. आपल्या वर्गातल्या एकीचे ते चुलते. आयुष्यभर माथेरानला घोडा चालवला. माथेरानला तेव्हा मोटार चालत नसे, माणूस पायी, नाहीतर हातरिक्षात, नाहीतर घोड्यावर, हे इथे सांगायची गरज नाही. तिथे वर ऑलिम्पिया नावाचं जुनं रेसकोर्सही आहे. काकांनी एकदा मुंबईहून कोणाकडून तरी महालक्ष्मीच्या शर्यतींची कॅसेट आणली. त्यांच्या घरी टीव्ही होता, व्हीसीआर नव्हता. आमच्याकडे आले आणि पहिलं काय केलं, तर आवाज बंद केला. म्हणाले, तो माणूस ओरडून ओरडून पहिल्या घोड्याचं नाव घेतो, मग आपणही पहिल्याकडेच बघतो.

काका शेवटच्या घोड्याकडे बघायचे. पुढच्या पायाने घोडा लंगडत असला तर दुखरा पाय टेकताना तो मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना मान खाली सोडतो. माणूस पायात काटा गेल्यावर जसा भार चोरतो तसं. पळणाऱ्या घोड्यात हे दिसणं अवघड. तो वेग कमी करून थांबायला लागतो तेव्हा मात्र दिसतं. म्हणून काका शर्यत संपल्यानंतरचा भाग बघायचे, जो आपण सगळे पुढे ढकलतो. तीन-चार वेळा मागे नेऊन म्हणाले, हा बघ, हा डाव्या पुढच्यात दुखावलाय. त्या घोड्याचं पुढे काय झालं ते आम्हाला कळणार नव्हतं. तरी काका जाईपर्यंत त्याच्याबद्दलच बोलत होते.

तुम्हाला माहीत असेल, चित्रपटाचा जन्मच एका घोड्याच्या पायांपायी झाला असं म्हणतात. ते थोडं वाढवून सांगितलेलं आहे, पण फार नाही. १८७८ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, लेलँड स्टॅनफर्ड नावाच्या रेल्वेच्या श्रीमंत मालकाला जाणून घ्यायचं होतं की पळताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमीन सोडतात का. एडवर्ड मायब्रिज या फोटोग्राफरने धावपट्टीच्या कडेला एका रांगेत कॅमेरे मांडले आणि आडवे दोरे ताणले. घोडा पळत गेला, दोरे तुटत गेले, एकेक झडप उघडत गेली. चारही पाय सुटतात, हे कळलं. पण कधी सुटतात, तर पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याआधी शेकडो वर्षं मोठमोठे चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला उडता घोडा काढत होते. जेरिकोचं १८२१ च्या एप्सम डर्बीचं चित्र बघा, सगळे घोडे हवेत पोहताहेत. माणसाने हजारो वर्षं घोडा पाळला, त्यावर बसून लढाया मारल्या, आणि तो कसा पळतो ते त्याला कळलं पुन्हा बघितल्यावर.

आता जरा अवघड भागाकडे येतो. इथे काहीजण शर्यतीचे शौकीन आहेत, काहींना शर्यत मुळीच आवडत नाही, आणि दोघेही माझे मित्र आहेत.

पुन्हा बघताना पाय दिसतात तसा हातही दिसतो. छकडा हाकणाऱ्याचा हात. माळावर तुम्हाला वेग दिसतो, आरोळी ऐकू येते. घरी हळू करून बघितलं की आसूड किती वेळा पडला ते मोजता येतं. पराणी कुठे टोचली ते दिसतं. हाकणारा पुढे वाकला आणि त्याने शेपटी दातात धरली, तेही दिसतं. माझ्या ६३ कॅसेटींमध्ये हे सगळं आहे. नव्वद सालात ते कोणाला लपवायचं सुचतही नव्हतं, उलट कॅमेरा आहे म्हणून काहीजण जास्त जोरात मारायचे.

मग ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. जल्लिकट्टू बंद, बैलगाडीच्या शर्यती बंद. बैल हा घोड्यासारखा पळण्यासाठी घडलेला प्राणी नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तामिळनाडूतल्या निरीक्षण अहवालांत शेपट्या पिरगाळल्याच्या, चावल्याच्या नोंदी होत्या. महाराष्ट्राने २०१७ ला कायदा केला, तोही कोर्टात अडकला. परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ ला, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले.

मधली सात-साडेसात वर्षं माझ्या घरी गर्दी पुन्हा वाढली. माळ रिकामे, म्हणून लोक जुन्या कॅसेटी बघायला यायचे. त्यातच दोन प्रकारची माणसं आली. एका प्रकारची म्हणाली, या कॅसेटी जाळून टाक, कोणाच्या हाती लागल्या तर आपलीच माणसं अडकतील. दुसऱ्या प्रकारची मुंबईहून आली आणि म्हणाली, मारहाणीचे तेवढे तुकडे आम्हाला काढून द्या, बाकीचं नको. मी दोघांनाही चहा दिला आणि दोघांनाही नाही म्हटलं. जाळायच्या नाहीत आणि तुकडेही काढायचे नाहीत. बघायचं असेल त्याने झेंडा पडण्याआधीपासून बैल सोडून पाणी दाखवेपर्यंत सगळं बघावं. कारण त्याच कॅसेटमध्ये, ज्याने आसूड मारला तोच माणूस नंतर बैलाच्या गळ्याला मिठी मारून उभा आहे, तोंडातला फेस आपल्या उपरण्याने पुसतोय. त्याचं काय करायचं ते बघणाऱ्याने ठरवावं. मी ठरवलेलं नाही.

आता नव्या नियमांत काय आहे बघा. पळायचं अंतर १००० मीटरपेक्षा जास्त नको. काठी, चाबूक नको. आणि शर्यतीचं चित्रीकरण करून ते प्रशासनाला द्यायचं. ज्या कॅसेटी जाळायला सांगत होते, तसलं चित्रीकरण आता परवानगीची अट झालं आहे. घोड्यांच्या रेसमध्येही हेच चाललंय. ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट शर्यतीत ६ वेळा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत ७ वेळाच चाबूक वापरता येतो, आणि एक समिती नंतर चित्रण पुन्हा बघून फटके मोजते. माझ्या मते आपल्याकडे अशी मोजणी गावोगावी खरोखर व्हायला हवी. नुसती पेनड्राइव्ह देऊन भागू नये. आजकाल यूट्यूबवर सगळं थेट दिसतं, वरून ड्रोन फिरतो, लाखो लोक बघतात, पण ड्रोन इतका उंच असतो की बैल मुंग्यांसारखे आणि हाकणाऱ्याचा हात मुळीच नाही. त्यावर गाणं लावतात. नेरळचे काका असते तर आवाज बंद करून म्हणाले असते, खाली ये.

आता एका मित्राबद्दल. तो इथेच बसलाय, नाव घेऊ नकोस म्हणाला. त्याचे वडील नावाजलेले हाकणारे होते. खालापूर तालुक्यात त्यांचं नाव काढलं तर जुनी माणसं अजून मांडीवर थाप मारतात. ते १९९८ ला वारले. त्यांचा फोटो घरात एकच, रेशनकार्डासाठी काढलेला, त्यात ते पोलीस स्टेशनला उभे असल्यासारखे दिसतात. बंदीच्या काळात मित्र माझ्याकडे आला. म्हणाला, बाबा तुझ्या कॅसेटमध्ये असतील का? शोधायला चार रविवार गेले. कॅसेट क्रमांक १४. एकतीस सेकंद. छकड्यावर उभे, धोतर वर खोचलेलं, तोंडाने आवाज करताहेत. आणि शेवटच्या टप्प्यात वाकून शेपटी दातात धरतात.

आम्ही दोघं बघत होतो. त्याने पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाला, ते शेपटीचं तेवढं काढ आणि बाकीचं मला दे, आई अजून आहे, मुलं आहेत. मी म्हटलं, मूळ कॅसेटला मी हात लावणार नाही. तुला पूर्ण प्रत देतो, तू तुझ्या घरी काय दाखवायचं ते तुझं तू बघ. तो न बोलता घेऊन गेला. पंधरा दिवस फोन नाही.

मग एका रात्री फोन आला. त्याने आईला पूर्ण दाखवलं होतं. तुम्हाला माहीत आहे, तेव्हा आमच्याकडच्या बायका शर्यतीला जात नसत. बैलाला पेंड त्या घालणार, अंगावर हात त्या फिरवणार, आजारी पडला तर रात्र त्या जागवणार, आणि शर्यतीच्या दिवशी ओवाळून दारात उभ्या राहणार. माझ्या घरी कॅसेट लागायची तेव्हाही पुरुष पडवीत आणि बायका स्वयंपाकघराच्या दारात, एक पाय आत. तरी बघायच्या. जोड कोणी जिंकली ते त्या विचारत नसत. कोणत्या बैलाला किती घाम आलाय, कोणाच्या गळ्याला जू घासलंय, हे त्या आपसात बोलायच्या आणि ते पडवीत कोणाला दिसलेलं नसायचं.

तर या मित्राच्या आईने नवऱ्याला पळताना आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, वयाच्या सत्तरीत, तो गेल्यावर वीसेक वर्षांनी. मित्राला वाटलं, रडेल. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली, इतकी की तो म्हणाला, आई डोळ्यांना त्रास होईल. ती म्हणाली, हा आपला पाखऱ्या. मग दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. म्हणाली, दमलाय रे तो. बघ कशी मान टाकतोय. त्या दिवशी घरी आला तेव्हा खात नव्हता, मी तुझ्या बाबांना विचारलं तर म्हणाले, पाणी बदललं म्हणून. शेपटीचा तुकडा आला तेव्हा ती काही बोलली नाही. तिसऱ्यांदा मात्र तिने त्याच ठिकाणी थांबवायला सांगितलं आणि बराच वेळ बघत राहिली. तिला काय वाटलं, हे मित्राने विचारलं नाही आणि मीही त्याला विचारलं नाही.

त्याचा मुलगा आता शर्यतीत उतरतो. नव्या नियमांनी. आजोबांची एकतीस सेकंदं त्याच्या मोबाइलमध्ये आहेत, पूर्ण. मध्यंतरी मला भेटला तेव्हा म्हणाला, आजोबांचा तोल बघा काका, पाय कसे टाकलेत, मला अजून जमत नाही. मग थोडं थांबून म्हणाला, आजी मला शर्यतीआधी रोज विचारते, बैल खातोय ना.

आता कामाचं बोलतो. व्हीएचएसची कॅसेट म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली लोखंडाची भुकटी. आपल्या पावसात तिला बुरशी येते, कडेने पांढरी. बुरशी असलेली कॅसेट मशीनमध्ये घातली तर मशीनचं हेडही जातं आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. नवं मशीन मिळणार नाही. जगातली शेवटची व्हीसीआर बनवणारी कंपनी जपानची फुनाई, तिने २०१६ च्या जुलैत काम थांबवलं. माझ्याकडे दोन मशीन आहेत, एक चालतं आणि दुसरं त्याच्या सुट्या भागांसाठी ठेवलंय. ६३ पैकी ४१ कॅसेटी मी आतापर्यंत संगणकावर उतरवल्या. सात गेल्यात जमा आहेत. उरलेल्या पंधरा या उन्हाळ्यात व्हायला हव्यात, पुढचा पावसाळा त्या काढतील असं वाटत नाही. आणि कृपा करून कोणी कॅसेट पॉज करून गप्पा मारत बसू नका. थांबलेलं चित्र दिसतं ते हेड त्याच जागी फिरत राहतं म्हणून, आणि तेवढी जागा झिजते.

मला मदत हवी आहे ती यंत्राची नाही, नावांची. कोणता माळ, कोणाचा बैल, हाकणारा कोण, हे मला निम्म्याच्या वर माहीत नाही. माळ तर बघून ओळखता येत नाहीत. जिथे छकडे पळतात तिथे आता फार्महाऊस आहेत, कंपाउंड आहेत, कुठे इमारती उभ्या राहिल्यात. मागचा डोंगर तेवढा तोच आहे, त्यावरून अंदाज करावा लागतो. तुमच्या घरी ज्या कोणी म्हाताऱ्या असतील, आई, मावशी, आत्या, त्यांना विचारा. पुरुषांना जोड कोणी जिंकली ते आठवतं, आणि त्यात निम्मं खोटं असतं. बैलाचं नाव बायका सांगतात.

जेवणानंतर विज्ञानाच्या खोलीत टीव्ही लावला आहे. १९९२ ते ९५ च्या चार तासांचं चित्रण ठेवलंय, कुठेही कापलेलं नाही. शेजारी वही आणि पेन आहे. ज्याला जे ओळखू येईल ते त्याने वेळेसकट लिहावं, पडद्यावर कोपऱ्यात आकडे दिसतात. आवाज मी बंद ठेवला आहे.